पुण्याच्या हवेत अजगराची अंडी कपाटावर उबतात? नाही उबत!

खडकीकर
परवा टेकडीवाला यांनी लिहिलं, बॉल पायथनची (आफ्रिकेतला लहान अजगर) अंडी उबवायला थर्मोस्टॅट, पेटी वगैरे सगळा विकतचा थाट आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये कपाटावर डबा ठेवला की पिल्लं मिळतात, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस गप्प बसलो. आज तीन नवख्यांनी "आम्हीही तसंच करतो" लिहिलं, म्हणून उत्तर देतोय.

अंड्यांना ३१ ते ३२ अंश लागतात, तेही ५५-६० दिवस सलग. आणि थर्मोस्टॅट फक्त ऊब बंद करतो, गारवा देत नाही, हे कुणी सांगतच नाही. खोलीच ३६ ला गेली तर पेटीही ३६ ला जाणार. माझी ६ अंडी होती. मेमध्ये लग्नासाठी चार दिवस कोल्हापूरला गेलो, खोली बंद. परत आलो तर मॅक्स-मिन मीटरवर ३६.८. चार अंडी पिवळी पडून वास मारू लागली. एक पिल्लू नीट निघालं. दुसऱ्याने अंडं फाडून नाक बाहेर काढलं आणि तसंच थांबलं. दीड दिवसाने मी कवच सोडवलं, तर पाठीला तीन ठिकाणी वाक. नऊ दिवस जगलं.

टेकडीवाला
तुमच्या पिल्लाचं वाईट वाटलं. पण तुमची बंद खोली म्हणजे सगळं पुणे नाही. माझा कसब्यातला जुना वाडा, तळमजला, दीड हात जाडीची भिंत. ७ अंडी, ७ पिल्लं. घानात, टोगोमध्ये मादीला थर्मोस्टॅट कोण लावून देतं? जानेवारीतही मी काही लावत नाही, साप मस्त आहेत.

मिशिगनकर
घानातली मादी कपाटावर अंडी घालत नाही हो! उंदरांच्या जुन्या बिळात, वारुळात घालते आणि वेटोळं घालून बसते. जमिनीखाली दिवसरात्रीचा फरक कितीसा असतो?
जानेवारीचं तर अजिबात पटलं नाही. जोडी लावताना रात्री २४ पर्यंत उतरवा, पण दिवसा एका कोपऱ्यात ३१-३२ हवंच. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकला मी तळघरात १०-१३ अंशांवर दोन महिने झोपवतो, तो थंड हिवाळ्याच्या हवेतलाच. बॉल पायथनला तसं केलं की तोंडाशी बुडबुडे, मग न्यूमोनिया.

लोणावळा_२२
तापमान कमीजास्त केलं की नर-मादी ठरवता येते ना?

मिशिगनकर
ते बऱ्याच कासवांत आणि मगरीत. सापाचं लिंग जनुकांनीच ठरतं.

सातारचा सर्पमित्र
मला मुळात हा उद्योगच पटत नाही. शेतात नांगराखाली सापडलेली धामणीची अंडी मी माती घातलेल्या माठात उबवतो आणि पिल्लं त्याच शिवारात सोडतो. तुमचे धागे वाचून पोरं नानेटी, अजगर घरात ठेवतात. मागच्या पावसाळ्यात एकाकडून मातीत राहणारा मांडूळ आणला, पाण्याच्या टाकीत ठेवला होता!

खडकीकर
दादा, देशी साप पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, ते मी प्रत्येक नवख्याला सांगतो. माझे साप परदेशी आहेत, केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदलेले, पिल्लांच्या जन्माचीही नोंद केली. माझा राग डब्यावर आहे, तो तुम्ही माझ्यावर का काढताय?

सातारचा सर्पमित्र
नोंद केली असेल तर त्यापुरतं मान्य. बाकी माझं मत तेच.

नागपुरी_संत्रं
कागदं ठेवा बाजूला, लाईटीचं बोला. आमच्याकडे मेमध्ये दुपारी लाईट गेली की कूलर बंद, खोली ४० ला. इन्व्हर्टरवर पेटी चालेल, कूलर किती वेळ चालणार?

मिशिगनकर
आमच्याकडे बर्फाच्या वादळात उलट. वीज गेली, पेटी रातोरात २६ वर आली, अंडी वाचली, पिल्लं फक्त थोडी उशिरा आली. थोडा वेळ खाली गेलेलं अंडं सोसतं, वर गेलेलं नाही.

नागपुरी_संत्रं
तेच तर! तुमचं दुखणं वेगळं. मी मासेवाल्याकडचा जाड थर्मोकोलचा खोका आणला, तळाला पाण्याच्या सहा बाटल्या भरून ठेवल्या. लाईट जाऊन तीन तास झाले तरी खोका एकच अंश चढला. इन्व्हर्टरला पैसे घालण्याआधी बाटल्या भरा.

टेकडीवाला
बाटल्या चालतात आणि माझी दीड हात भिंत चालत नाही? दोन्ही एकच काम करतात.

खडकीकर
भिंत चालते, मान्य. पण ते तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंच नाही! वाचणारा पोरगा वाकडला अकराव्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत राहतो. तो तुमच्या भरवशावर डबा कपाटावर ठेवणार. आणि तुम्ही तरी मोजलंय का? चिकटवायचा गोल मीटर नको, तो दोन-तीन अंश खोटं बोलतो. प्रोबवाला (वायरच्या टोकाला सेन्सर असलेला) घ्या, आधी बर्फ-पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का बघा, मग प्रोब अंड्याशेजारी ठेवा.

टेकडीवाला
इतकी वर्षं न मोजता पिल्लं निघाली. तरी आणतो. तुम्ही म्हणता म्हणून नाही, यंदा ८ अंडी आहेत म्हणून.

टेकडीवाला (दोन दिवसांनी)
आज दुपारी ३ ला कपाटावर ३४.२. डबा उचलून शहाबादी फरशीवर, भिंतीलगत ठेवला. संध्याकाळी ३१.४. मूळ पोस्टमध्ये भिंतीचं लिहितोय.