‘शिनसेकाई योरी’: साकी मेली कशी नाही?

निशाचर

(शेवटपर्यंतचं सगळं फोडलंय. पाहिली नसेल तर आधी २५ भाग संपवा आणि मग या.)

पाहून बरेच दिवस झालेल्यांसाठी थोडी उजळणी. युसुके किशी यांची २००८ची कादंबरी, त्यावरून ए-वन पिक्चर्सने २०१२-१३ मध्ये केलेली अ‍ॅनिमे. काळ आजपासून हजारेक वर्षांनंतरचा, जागा जपानमधलं कामिसू ६६ हे गाव. गोष्ट सांगणारी नायिका साकी; सातोरू, मारिया, मामोरू आणि शुन हे तिच्या गटातले मित्र. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे कॅन्टस, म्हणजे मनाची शक्ती. नुसत्या विचाराने दगड उचलता येतो, तसा समोरचा माणूसही फाडता येतो. म्हणून पूर्वजांनी जनुकांमध्येच बंदोबस्त करून ठेवला: माणसाला मारलंस तर तुझंच हृदय बंद पडणार. हा डेथ फीडबॅक. जोडीला संमोहन, आठवणी पुसणं, आणि १७ वर्षांखालचं एखादं मूल धोक्याचं वाटलं तर त्याला गुपचूप नाहीसं करणं.

गावाची हमाली करायला बाकेनेझुमी. दोन पायांवर चालणारे, बोलणारे उंदीर, माणसांना देव म्हणणारे. शेवटच्या भागात सातोरू सांगतो की त्यांच्या गुणसूत्रांच्या जोड्या २३ आहेत, माणसाइतक्याच. ते ज्यांच्यापासून झाले असं सगळे मानतात त्या नेकेड मोल रॅट या बिनकेसांच्या उंदरांच्या असतात ३०. म्हणजे ज्यांच्याकडे शक्ती नव्हती त्या माणसांचेच कधीकाळी उंदीर करून टाकले, त्यांना मारताना डेथ फीडबॅक आड येऊ नये म्हणून.

आता माझा प्रश्न. गावातून पळालेल्या मारिया आणि मामोरूचं मूल बाकेनेझुमींचा पुढारी स्क्वीलर याने बाकेनेझुमींमध्ये वाढवलं. ते स्वतःला बाकेनेझुमी समजतं, म्हणून माणसं मारताना त्याला काही होत नाही. शेवटी माणसांच्या बाजूने लढणारा बाकेनेझुमी सेनापती किरोमारू माणसासारखं अंगभर पांघरून त्याच्यासमोर जातो, मूल त्याला मारतं, आणि मग डोक्यावरचं कापड सरकतं. आपण आपल्यातलाच मारला हे दिसताक्षणी मूल कोसळतं. थोडक्यात, मारून झाल्यावर कळलं तरी डेथ फीडबॅक लागू होतो.

साकी आणि सातोरूने मात्र स्क्वीलरने गावाविरुद्ध पुकारलेल्या युद्धात कितीतरी बाकेनेझुमी मारले. ती माणसं होती हे नंतर कळलं. काही झालं नाही. वर हे कळल्यावर साकी जाऊन स्क्वीलरला संपवते. तेव्हाही काही नाही!

माझं मत: साकीला जे कळलं ते फक्त डोक्याला कळलं. आठवणी पुसणं, मंत्र, संमोहन ही गावाची वरवरची कामं. खरा ताबा ‘माणूस कोणाला म्हणायचं’ यावर आहे, आणि सगळ्यांत जागी असलेली साकीसुद्धा त्यातून सुटलेली नाही. लोक या शेवटाला आशेचा शेवट म्हणतात. मला तो पूर्ण मालिकेतला सगळ्यांत भयंकर भाग वाटतो.

तर्कट

प्रश्न छान, उत्तर ओढूनताणून. मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं: ओळखीचा चेहरा, रक्त, समोर पडलेलं शरीर. साकीने काय पाहिलं? सातोरूच्या तोंडून एक आकडा ऐकला. डेथ फीडबॅक हे शरीराचं काम आहे, त्याला २३ आणि ३० यांतला फरक कुठून कळणार?

रिजिन भिक्षू आठवा. खोट्या मिनोशिरोला, म्हणजे त्या चालत्याफिरत्या ग्रंथालयाला, तो जाळायला जातो तेव्हा ते यंत्र त्याला तान्हं मूल घेतलेली बाई दाखवतं. निव्वळ प्रकाशाचं चित्र. तरी तो थबकतो, आणि जाळल्यावर पार हबकून जातो. मला तर तो अर्धवट झटकाच वाटला. म्हणजे माणूस नसून माणसासारखं दिसलं तरी परिणाम होतो, आणि माणूस असून तसा दिसला नाही तर होत नाही. त्यात साकीच्या मनाचा दोष काय?

निशाचर

दोष म्हणालोच नाही. ताबा म्हणालो. तुम्ही माझंच म्हणणं मांडताय की! कोणाचा चेहरा माणसाचा दिसावा हे त्या शास्त्रज्ञांनी आधीच ठरवून टाकलं, शरीरं बदलून. म्हणजे मनावरचा सगळ्यांत पक्का ताबा मनाला हात न लावताच घेतला.

अर्धवटराव

मी आठव्या भागावर आहे आणि धागा उघडून मोठं पाप केलं. वाचणं थांबवता येत नाहीये. चालू द्या.

कट्ट्यावरची

निशाचर, तुम्ही गावाला फार सहज खलनायक करताय. त्या खोट्या मिनोशिरोने सांगितलेला इतिहास कोणी आठवतच नाही. सुरुवातीला शक्ती होती फक्त ०.३ टक्के लोकांकडे. तेवढ्यावर जग कोसळलं. मग गुलामांवर चालणारी राज्यं, तीही शतकानुशतकं. तो सम्राट आठवतो ना, ज्याच्या राज्याभिषेकाला टाळ्या थांबवायची कोणाची छाती नव्हती, कारण थांबणारा मरायचा? कथेत हे सगळं झाल्यानंतर डेथ फीडबॅक येतो. तो गमतीने नाही आणला कोणी.

इथे प्रत्येक माणूस एकटा अख्खं गाव बेचिराख करू शकतो. आपल्या जगातले मानवी हक्क, खटला, तुरुंग हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: एकट्या माणसाला चार जण मिळून आवरू शकतात. ती गोष्टच काढून घेतली तर काय उरतं ते सांगा. गावाच्या नीतिमंडळाची प्रमुख तोमिको क्रूर आहे, मान्य. पण तिने एक ‘अक्की’ मोकाट सुटलेला स्वतः पाहिलाय. ज्याला समोरचा माणूस मारताना काहीच वाटत नाही असा मुलगा, आणि त्याला अडवू पाहणाऱ्या मोठ्यांचे हात डेथ फीडबॅकने बांधलेले. ती बाई मुलांना घाबरते याचं मला आश्चर्य वाटत नाही.

निशाचर

मुलांना घाबरणारं गाव शहाणं असूच शकत नाही, हे मारियाने पत्रात लिहून ठेवलंय. आणि त्या भीतीचा परिणाम पाहा. मामोरू पळाला का? त्याला मारायला गावाने मुलं नाहीशी करण्यासाठी पाळलेलं मांजर पाठवलं म्हणून. मारिया का गेली? तो एकटा मरेल म्हणून. ते मूल उंदरांच्या हाती लागलं ते त्यामुळे. गावाला नष्ट करणारी गोष्ट गावाच्याच सावधगिरीतून जन्मली.

कट्ट्यावरची

किंवा सावधगिरी अर्धवट राहिली म्हणून. मामोरू पळाला नसता तर ते मूल झालंच नसतं. ‘मारिया जन्मली नसती तर इतकी माणसं मेली नसती’ असं साकीच सुरुवातीला सांगते, मैत्रिणीवर एवढं प्रेम असून. ते वाक्य मला अजून टोचतं. तुम्हाला गोड वाटेल तेवढंच साकीचं ऐकायचं का?

पावशेर

तुम्ही दोघं साकीचं ऐकायचं की नाही यावर भांडताय, मला तर तिच्यावर विश्वासच नाही. आपण जे पाहतो ते सगळं तिने हजार वर्षांनंतरच्या वाचकासाठी लिहून ठेवलेलं. आणि लिहिणारी कोण? जिच्या डोक्यातून सख्खी बहीण पुसली गेली. जिच्या आठवणींत मेलेल्या शुनच्या जागी र्‍यो नावाचा दुसराच मुलगा बसवला, आणि तो तिथे नीट बसतही नव्हता म्हणून फक्त शंका आली. ज्या आठवणी नीट बसल्या त्यांचं काय? त्या तर आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

माझा अंदाज पुढचा आहे, हसू नका. तोमिको स्वतः साकीला सांगते की तुमच्या गटाला मुद्दाम मोकळं ठेवलं, कारण पुढे गाव चालवायला खंबीर मनाचं माणूस हवं होतं. म्हणजे साकीचं बंडसुद्धा गावाने जोपासलं. गावाला नुसती आज्ञाधारक मुलं नको होती. सत्य पचवूनही गावातच राहील अशी एक मुलगी हवी होती. आणि तशीच मिळाली. सत्य कळल्यावर साकी काय करते? लग्न करते आणि नीतिमंडळात बसते.

तर्कट

पावशेर, याला अंत नाही. ‘आठवणी बदलल्या असतील’ हे एकदा धरलं की कोणतीही गोष्ट सिद्ध करता येते. मग शुन जन्मलाच नव्हता असंही म्हणा. लेखकाने आपल्याला धागेदोरे दिलेत, पुसलेल्या बहिणीचा मागे राहिलेला आरसा दिलाय, कारण पुसलेलं परत सापडू शकतं हे दाखवायचं होतं. गाव आठवण पुसतं, पण तिच्या जागी राहिलेली पोकळी त्याला पुसता येत नाही. साकीची सगळी ताकद तिथून येते. तीही ठरवून दिलेली म्हटलं तर मालिकेत उरतं काय?

नीतिमंडळाबद्दल मात्र थोडं पटलं.

कसाईकर

मी तोक्योत राहतो, थोडं अवांतर चालेल ना? कामिसू हे खरंखुरं शहर आहे, इबाराकी प्रांतात, तोने नदी समुद्राला मिळते तिथे. आज ते काशिमाच्या औद्योगिक पट्ट्यात येतं, बंदर, कारखाने वगैरे. मुलं होड्यांतून वर जातात ते कासुमिगाउरा सरोवरही जवळच. त्यामुळे मालिकेतली ती नदीकाठची हिरवी शांत गावं इथल्या माणसाला जरा वेगळीच वाटतात. कारखान्यांचा मागमूस नाही.

दुसरं म्हणजे मालिकेतल्या गावात रोज संध्याकाळी वाजणारं ते गाणं. ड्वोरजाकने १८९३ मध्ये अमेरिकेत पूर्ण केलेल्या नवव्या सिंफनीतला संथ भाग, मालिकेचं नावही (‘नव्या जगातून’) त्या सिंफनीवरूनच आलंय. इथे अनेक गावांत आजही पाचच्या सुमारास भोंग्यावर सूर वाजतात आणि काही ठिकाणी नेमकी हीच धून असते. आपत्तीच्या वेळी सूचना देणारी यंत्रणा चालू आहे ना, याची रोजची तपासणी त्यातून होते. पोरं ती ऐकून घरी पळतात. पहिला भाग पाहताना माझ्या जपानी सहकाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. मलाच काटा आला.

निशाचर

कसाईकर, तुमच्या सहकाऱ्याची गोष्ट माझ्या खात्यात जमा करतो. रोजचं झालं की ताबा दिसत नाही.

तर्कट

प्रत्येक धून ताबा नसते हो! कधीकधी पोरांनी अंधाराआधी घरी यावं एवढाच हेतू असतो.

कट्ट्यावरची

स्क्वीलरबद्दल कोणी बोलतच नाहीये. खटल्यात तो ‘मी माणूस आहे’ म्हणून ओरडतो आणि अख्खी सभा हसते, तो प्रसंग मलाही हलवतो. पण या माणसाने काय केलं? स्वतःच्या राणीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून तिचं यंत्र करून टाकलं. मारिया-मामोरूला मारून त्यांच्या लेकराला हत्यार बनवलं. त्या मुलाला भाषा नाही, नाव नाही, आपण कोण हे माहीत नाही. गावाने साकीच्या चार आठवणी पुसल्या. स्क्वीलरने एका जिवाला पहिल्या दिवसापासून खोटं आयुष्य दिलं. मनावर ताबा हाच गुन्हा असेल तर सगळ्यांत मोठा गुन्हेगार तो आहे. आणि त्याला क्रांतिकारक म्हणणाऱ्यांनी किरोमारूकडे पाहावं, जो सगळं ओळखून होता.

पावशेर

किरोमारूला एवढं सरळ समजू नका. तोक्योला आधी एकदा येऊन गेल्याचं तो स्वतः कबूल करतो, आणि कशासाठी, तर जुन्या काळातली संहारक शस्त्रं शोधायला. तोही देवांना कंटाळलेला होता. फक्त त्याला आपली वसाहत वाचवायची होती आणि स्क्वीलरला सगळ्यांची. मरायला जाताना किरोमारू मागतो काय? माझ्या राणीला जपा. बस्स.

निशाचर

कट्ट्यावरची, स्क्वीलर निर्दोष नाही हे मान्य. पण हे तो शिकला कुठून? मूल लहान असताना हाती घ्यावं, आपण कोण हे त्याला आपणच सांगावं, नको असलेलं पुसावं: हे कामिसू ६६चंच शाळाखातं झालं की. देवांनी जे केलं ते त्याने देवांवर उलटवलं.

आणि त्याला मिळालेली शिक्षा बघा. त्याच्या मज्जातंतूंना वेदना देत राहायचं आणि मरू द्यायचं नाही. हे करताना एकाही गावकऱ्याचं हृदय थांबत नाही. ही शांतताप्रिय, जनुकांतूनच अहिंसक झालेली माणसं!

तर्कट

आता मूळ प्रश्नाला माझं दुसरं उत्तर. साकी स्क्वीलरला संपवते ते त्याला या यातनांतून सोडवायला. तिच्या मनात हल्ला नाही, अपराधही नाही. डेथ फीडबॅक चालू व्हायला ‘मी हे काय केलं’ ही जाणीव लागते असं मला वाटतं. मुलाला ती झाली. साकीला स्क्वीलरच्या बाबतीत ती होण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे ती त्याला माणूस मानूनही जिवंत राहू शकते. उलट माणूस मानलं म्हणूनच गेली ना ती तिथे? उंदराला सोडवायला कोण जाईल, तेही गावाचा रोष पत्करून?

निशाचर

हे उत्तर आवडलं, स्क्वीलरपुरतं मान्य करतो. पण मग युद्धात मारलेल्यांचं काय? तिथे दया नव्हती. तिथे ‘मी हे काय केलं’ ही जाणीव व्हायला हवी होती आणि जीव जाण्याइतकी झाली नाही. अपराध कशाचा वाटून घ्यायचा हे शिकवणारं गावच असेल तर तुमचा डेथ फीडबॅकही गावाचाच नोकर झाला.

कट्ट्यावरची

मग तिने मरायला हवं होतं का? तुमच्या न्यायाने खरी जागी झालेली बाई म्हणजे मेलेली बाई. सत्य कळून मेलेल्या साकीचा बाकेनेझुमींना काय उपयोग? जिवंत साकी निदान एखाद्या वसाहतीसाठी भांडू तरी शकते.

एक सरळ प्रश्न विचारते, फाटे न फोडता उत्तर द्या. तोमिकोच्या खुर्चीत तुम्ही बसलाय. समोर एक मूल, शक्ती हाताबाहेर चाललेली, शुनसारखं. मांजर पाठवाल की नाही?

निशाचर

नाही. त्याला सगळं खरं सांगेन आणि गावाबाहेर त्याच्यासोबत कोणीतरी राहील अशी सोय करेन. शुनला एकटं ठेवलं, हाच खरा गुन्हा होता.

कट्ट्यावरची

शुनच्या झोपडीभोवतालची जमीनसुद्धा वितळत होती, निशाचर. त्याची शक्ती झोपेतही गळत होती. सोबत कोण राहणार, नाव सांगा. आणि गावात तीन हजार माणसं आहेत, त्यांना रात्री काय सांगून झोपवणार तेही सांगा.

अर्धवटराव

नवव्या भागावर पोचलो. निशाचर उत्तर देईपर्यंत दहावा बघून येतो.