मदत हवी आहे: एनएमएमएसमध्ये निवड झाली, पण आधारवर नाव चुकलंय

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. यंदा आमच्या वर्गातली एक मुलगी एनएमएमएस या गरीब घरच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या निवड यादीत आली. आई शेतमजूर, वडील नाहीत. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळणार, म्हणजे तिचं शिक्षण बारावीपर्यंत तरी थांबणार नाही.

अडचण अशी की, आधारवर तिच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त आहे, आणि जन्मतारखेचा महिनाही शाळेच्या जनरल रजिस्टरपेक्षा वेगळा. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज पुढेच सरकत नाही. आई दोनदा मजुरी बुडवून आधार केंद्रावर जाऊन आली. दोन्ही वेळा जन्मदाखला मागितला आणि परत पाठवलं. दाखला काढलेलाच नाही, बाळंतपण घरी झालं होतं. सगळी कागदं ती साखरेच्या पिशवीत घडी घालून आणते, ते पाहवत नाही.

उशिरा जन्मनोंदणी कुणी अलीकडे करून घेतली आहे का? ग्रामपंचायतीपासून सुरुवात करायची की थेट तहसीलला जायचं? तोवर पोर्टलची मुदत निघून गेली तर मार्ग असतो का? शिक्षक मित्रांनो, अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. सोमवारी मी स्वतः तिच्या आईसोबत जाणार आहे.