चाच्यांच्या टापूतून जहाजे का जातात? : अनुभव धागा

घरातले कोणी बोटीवर असले की मुंबईत नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो : शिर सलामत तर पगडी पचास, मग कंपन्या जहाज सोमाली चाच्यांच्या टापूतून न नेता दुसऱ्या वाटेने का नेत नाहीत? या प्रश्नाचे काही उत्तर नकाशावर आहे आणि काही भाड्याच्या करारात. म्हणून जहाजावरच्या, कचेरीतल्या आणि घरी वाट पाहणाऱ्या सर्वांनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

निवृत्त चीफ ऑफिसर, मुलुंड

मी बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर होतो आणि आमचा नेहमीचा माल म्हणजे जॉर्डनच्या अकाबा बंदरातून खतासाठी भारतात येणारा रॉक फॉस्फेट. अकाबा तांबड्या समुद्राच्या अगदी उत्तर टोकाला आहे. तिथून भारतात यायचे तर त्या समुद्राच्या दक्षिण टोकाची बाब-एल-मंदेबची सामुद्रधुनी आणि एडनचे आखात पार करावेच लागते. ते टाळायचे म्हटले, तर सुएझमधून भूमध्य समुद्रात जाऊन, जिब्राल्टर ओलांडून, सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागेल. एवढा द्राविडी प्राणायाम खताच्या मालाला कुठल्याच भावात परवडत नाही. त्यामुळे वाट बदलण्याचा विचार आमच्यापुढे कधी नव्हताच, विचार असे तो तयारीचा.

२००९ पासून एडनच्या आखातात जहाजांसाठी एक शिफारस केलेला पट्टा आखलेला होता. नौदलांच्या गस्तीखाली, सारख्या वेगाची जहाजे गटाने, ठरलेल्या वेळी त्यातून जात. भरलेले बल्क कॅरिअर बारा-तेरा नॉटने (म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल) चालते आणि त्याचे डेक पाण्यापासून फार उंच नसते, म्हणून शिडी लावायला चाच्यांना तेच सोयीचे पडते. डेकच्या कडेने काटेरी तारेची भेंडोळी बांधताना चामड्याचे जाड हातमोजेसुद्धा फाटत. आगीचे होज बाहेरच्या बाजूला रोखून ठेवलेले असत, ब्रिजच्या दोन्ही विंगवर जादा पहारा असे, आणि सगळ्यांनी कोंडून घ्यायच्या सिटाडेलमध्ये पिण्याचे पाणी, बिस्किटे व सॅटेलाइट फोन ठेवलेला असे. पहाटेचा वॉच सर्वांत जड जाई, कारण समोरची होडी येमेनी मच्छीमाराची आहे की तिच्यात शिडी आहे, हे अंधुक उजेडात दुर्बिणीतूनच ठरवावे लागे. आखाताबाहेर, खुल्या अरबी समुद्रात मात्र नैऋत्य मान्सून सुरू झाला की लहान होड्यांना निघणे अवघड होई आणि आम्हाला जरा उसंत मिळे.

जहाजांच्या भाडेकराराचे काम, बॅलार्ड इस्टेट

कोणत्या वाटेने जायचे हे कॅप्टन एकटा ठरवत नाही. चार्टर पार्टीत, म्हणजे जहाजाच्या भाडेकरारात, विनाविलंब जाण्याचे कलम असते आणि कारणाशिवाय वाट सोडली तर भरपाईचा दावा उभा राहतो. मुंबईहून लंडनला सुएझमार्गे सुमारे ६,२०० सागरी मैल पडतात आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे सुमारे १०,७००. तेरा नॉटने हा फरक दोन आठवड्यांचा होतो. तेवढ्या दिवसांचे इंधन आणि जहाजाचे रोजचे भाडे यांपुढे युद्धजोखमीचा जादा विमा हप्ता आणि सशस्त्र रक्षकांचा खर्च बहुतेक वेळा कमीच निघतो. २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी ४९ जहाजे पळवली आणि १,०१६ खलाशी ओलीस धरले. पण त्या काळात एडनच्या आखातातून वर्षाला सुमारे २०,००० जहाजे जात होती. मालकाच्या वहीत ही जोखीम लहान दिसते. त्याची बेरीज मला चुकीची वाटत नाही, मात्र ओलीस धरलेल्या माणसाला त्या वहीत रकाना नसतो, हे मला आजही खटकते.

शिवाय आडवाट सुरक्षित असतेच असे नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये पळवलेले ‘सिरियस स्टार’ हे महाकाय तेलवाहू जहाज केपच्याच वाटेने अमेरिकेकडे निघाले होते. पुढे अतिजोखमीच्या क्षेत्राची पूर्व सीमा ७८ अंश रेखांशापर्यंत आणली गेली, तेव्हा आपला सगळा पश्चिम किनारा, मुंबई बंदरासकट, त्यात आला. डिसेंबर २०१५ मध्ये ती ६५ अंशांपर्यंत मागे नेली, तोवर मुंबईला येणारे प्रत्येक जहाज कागदोपत्री चाच्यांच्या टापूतच येत होते.

खलाशाची पत्नी, विक्रोळी

आमच्याकडे यांना त्या पट्ट्यातल्या दिवसांसाठी मूळ पगार दुप्पट मिळे. संघटनेचा करार लागू असल्याने तिकडे जायला नकार देऊन कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्कही होता. पण नकार दिला तर पुढचे कॉन्ट्रॅक्ट लांबेल ही धास्ती, डोक्यावर घराचा हप्ता आणि सासूबाईंचे औषधपाणी, त्यामुळे संमतीच्या कागदावर सही होत असे. आखातात शिरण्याआधी हे फोन करून “आता काही दिवस फोन लागणार नाही” एवढेच सांगत आणि तेवढे दिवस आमचा जीव टांगणीला लागे. ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ या पळवलेल्या जहाजावरच्या सात भारतीयांना खंडणी मिळाल्यावरही चाच्यांनी सोडले नाही, कारण त्यांना भारताने पकडलेले आपले साथीदार हवे होते. ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये, चार वर्षांनी सुटले. त्या बातम्या मी घरात मोठ्याने वाचत नसे.

थर्ड ऑफिसर, कंटेनर जहाज, दादर

आमच्या जहाजांना वेग तारतो. अठरा नॉटच्या वर चालणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद नाही, असे मार्गदर्शक पुस्तिकेत आम्हाला शिकवले गेले. क्षेपणास्त्रापुढे मात्र वेग कामाला येत नाही. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मोठ्या कंटेनर कंपन्यांनी केपचाच रस्ता धरला, म्हणजे धोका पुरेसा वाढला की तोच महागडा वळसा परवडू लागतो. त्याच सुमारास सोमाली चाचे पुन्हा बाहेर पडले. त्यांनी पळवलेले ‘रुएन’ हे मालवाहू जहाज आयएनएस कोलकाताने मार्च २०२४ मध्ये सोडवले आणि पकडलेले ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. ज्यांचा माल जेद्दा किंवा अकाबाला उतरायचा आहे, अशा इकडून जाणाऱ्या जहाजांना मात्र केपचा उपयोग नाही. माझा एक बॅचमेट सध्या तशाच जहाजावर आहे आणि त्याने सही करण्यापूर्वी सिटाडेल, रक्षक आणि विमा या तिन्हींची लेखी माहिती मागून घेतली.