एसी लावला की गाडीत कुबट वास, परफ्यूम सोडून काही उपाय आहे का?

हापूस_आणि_हॅचबॅक (रत्नागिरी):
मंडळी, गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, २०२२ साली चिपळूणच्या बाजूने सेकंड हँड घेतलेली. पावसाळा सुरू झाला की दरवर्षी तेच, सकाळी एसी लावला की पहिली दोन-तीन मिनिटं ओलं गोणपाट नाकाला लावल्यासारखा वास येतो, मग कमी होतो, पण पावस-रत्नागिरी रोजचं जाणं-येणं असल्यामुळे आई पुढे बसली की पदर नाकालाच. गेल्या महिन्यात एका ठिकाणी दाखवली तर त्याने जाळीतून कसलासा सुगंधी स्प्रे मारलान आणि हजार रुपये घेतलेन. आठ दिवस मोगरा, नवव्या दिवशी मोगरा अधिक गोणपाट. थंड करतो व्यवस्थित, गॅस कमी वाटत नाही. घरी करण्यासारखं काही असेल तर सांगा.

खाडीपलीकडचा:
आधी एक सांगा, एसी पंधरा-वीस मिनिटं चालला की गाडीखाली पाणी ठिबकतं का? डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते, थंड सरबताच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं तसंच तिलाही सुटतं आणि ते एका बारीक रबरी नळीतून खाली जातं. जुलैत आपल्याकडे एवढी दमट हवा असताना खाली ठिपका पडत नसेल तर नळी तुंबलीच म्हणून समजा, पाणी आतच साचतं आणि बुरशी धरते. डाव्या बाजूची पायातली मॅट उचलून खालच्या कार्पेटवर हात दाबून बघा, नुसतं वरून बघून कळत नाही.
गाडी झाडाखाली लावता का? वायपरच्या खाली जी जाळी असते तिथे पानं कुजतात, तो वासही ब्लोअर आत ओढतो. आमच्या फणसाखालून मी मूठ मूठ काढलेत.

मालवणी_डिझेल:
परफ्यूमार पैसे घालवू नकात. पयलो कॅबिन फिल्टर बगा.
सगळ्यांना कळेल असं लिहितो. कॅबिन फिल्टर म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे चपटं झाकण दिसेल, त्यात फिल्टर. काही जुन्या बेस मॉडेलमध्ये जागा असते पण फिल्टरच नसतो, तेही बघून घ्या. काळा पडला असेल तर हवा मारून परत लावायचा कंजूषपणा नको, बुरशी हवेने जात नाही. नवीन घालताना कडेचा बाण बघा, हवा ज्या दिशेने जाते तिकडे.

पूररेषा:
तुम्ही चिपळूण आणि २०२२ म्हणालात म्हणून धाकधूक झाली. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी शिरून कितीतरी गाड्या बुडाल्या, त्यातल्या काही धुऊन पुसून विकल्या गेल्या. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा पट्टा किंवा डाग दिसतो का बघा, तिथे कोणी धूत नाही. सीटच्या खालचे स्क्रू गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, तेही. तसं असेल तर एसीला कितीही फवारा, वास कार्पेटखालच्या फोममधून येत राहणार.

सडा_रायडर:
एवढं काय नाय, हीटर फुल करून काचा उघड्या ठेवून दहा मिनिटं फिरवा, सुकतं सगळं. मी हेच करतो.

जुना_मेकॅनिक_कुडाळ:
हीटर बरोबर, पण एक गोम आहे. हवा आधी कॉइलवरून जाते आणि मग हीटरवरून, म्हणजे नुसता हीटर लावलात तर कॉइलवर बाहेरची दमट हवाच जाणार. काचा थोड्या उघड्या ठेवून एसी बंद, हीटर फुल आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) चालू ठेवा, मग आतली गरम हवा फिरून परत कॉइलवर येते. उन्हाळ्यात घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवला तरी पुरतं. पावसाळ्यात तेवढ्याने सुकत नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा मुलूख आपला.
बुरशी धरलेलीच असेल तर फोमवाला कॉइल क्लीनर आणा. इंजिन बंद करा, फिल्टर काढा, फोमची नळी कॉइलपर्यंत घालून मारा, ब्लोअरच्या मोटरवर जाऊ देऊ नका. पंधरा मिनिटांनी खाली घाण पाणी येईल. पण ड्रेन, म्हणजे ती पाणी जायची रबरी नळी, आधी मोकळा करा हां, नाहीतर तो फोम पण आतच. ब्लीच, फिनाईल असलं काही नको, कॉइल अ‍ॅल्युमिनियमची, आणि खारी हवा गाडीला खातेच आहे.
आणि वास गोडसर असेल, काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ते ज्यातून फिरून हीटर तापतो तो हीटरचा कोअर गळतोय. त्याला फोम मारून उपयोग नाही.

हापूस_आणि_हॅचबॅक:
रविवारी सगळं केलं. सीट बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ, स्टेपनीखाली कोरडं, पूररेषा, तुमच्यामुळे आदल्या रात्री झोप नव्हती. डाव्या बाजूचं कार्पेट मात्र दाबल्यावर बोटांना पाणी. खाली पाण्याचा ठिपका नव्हताच. फिल्टर काढला तर उंदराने एक कोपरा कुरतडून घड्यांमध्ये कापूस आणि काजूची टरफलं भरून ठेवलेलीन, बायकोने फोटो काढून सगळ्या गावाला पाठवलान. गाडी जॅकवर घेऊन ड्रेनच्या नळीत झाडूचा हीर हळूच घातला तर आधी चिखलाची गोळी पडली आणि मग अर्धा तांब्या चहाच्या रंगाचं पाणी. मग फोम, नवीन फिल्टर, कार्पेट उचलून खाली दोन दिवस टेबल फॅन.
आज चौथा दिवस, एसी लावल्यावर वास नाही. आई म्हणते आता डिकीतून सुकटीचा येतो, तो गेल्या मंगळवारच्या बाजाराचा आहे, तो माझा मी बघतो. उंदीर परत येऊ नये म्हणून वायपरखालच्या त्या जाळीला काय लावता ते मात्र सांगा.

मालवणी_डिझेल:
बारीक स्टीलची जाळी कापून हवा आत घेणाऱ्या तोंडावर बसवा, हवा अडता कामा नये. आणि काजू गाडीत ठेवू नकात.