मदत हवी आहे: बहिणीला विद्यापीठाकडून कुस्ती खेळायचीय, ५५ किलो की ५७?

नमस्कार मंडळी. आम्ही कोपरखैरण्याचे. वडील तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी, मूळ गाव कराडकडचं. धाकटी बहीण यंदा एफवायबीएला आहे. गावच्या तालमीत चुलत्यांनी तिला घडवलं, मातीत तिची ढाक, म्हणजे समोरचीला फेकून पाठीवर पाडायचा डाव, बघण्यासारखी असते. आता तिला अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायचीय आणि पुढे खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सपर्यंत मजल मारायचीय.

विचारपूस करून कळलेला रस्ता असा: आधी कॉलेजतर्फे मुंबई विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. खेळाडूला परस्पर नाव देता येत नाही, एंट्री कॉलेजकडूनच जावी लागते. तिथून विद्यापीठाचा संघ निवडतात, तो भारतीय विद्यापीठ महासंघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथे वरच्या क्रमांकात आलं की खेलो इंडिया.

मेख पुढे आहे. एका वजनगटात एका विद्यापीठाची एकच पैलवान. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, एवढ्या पट्ट्यातल्या कॉलेजांमधून ५७ किलोत एकच मुलगी जाणार. दुसऱ्या नंबरची कितीही तयारीची असली तरी ती घरी. म्हणून वजनगटाचा एवढा घोळ चाललाय.

सकाळी उपाशीपोटी ती ५७ किलो ८०० ग्रॅम भरते. चुलते म्हणतात ५५ ला उतरव. तो गट ऑलिम्पिकमध्ये नाही, तयारीच्या मुली ५३ नाहीतर ५७ धरतात, तिथे गर्दी कमी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मला पटत नाही. जवळजवळ तीन किलो उतरवायचे म्हणजे जेवण तोडा, पाणी तोडा, आणि वर कॉलेज, परीक्षा. शिवाय कुस्ती दुसऱ्या दिवशी गेली की सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहायचं. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमने बाद झाली, त्या दिवशी आमच्या घरात कोणी धड जेवलं नव्हतं. वाढत्या वयाच्या पोरीला असं वाळवायचं नाही, यावर मी ठाम आहे. ५७ साठी लागणारे ८०० ग्रॅम खाण्यात थोडं इकडंतिकडं करून जातील.

दुसरी अडचण मॅटची. गावच्या मैदानात चितपट झाल्याशिवाय निकाल नाही, त्यामुळे तिला सबुरीची सवय. समोरचीचे हात बांधून तिला दमवायचं आणि मग ढाक लावायची. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या. नुसतं थांबून राहिलं की पंच ताकीद देतो आणि पुढे गुण समोरच्याला. परवा एका सराव कुस्तीत समोरच्या मुलीने पट काढून, म्हणजे पाय धरून खाली पाडून, ताबा घेतला, दोन गुण. मग खाली दाबून ओळीने चार भारंदाज, म्हणजे कमरेला मिठी मारून उलटवायचं, प्रत्येकी दोन. १० गुणांचा फरक, कुस्ती खलास! एक मिनिटही झालं नव्हतं आणि बहिणीची पाठ एकदाही नीट टेकली नव्हती. ती उठून पंचाकडे बघतच राहिली. ताकदीत ती कमी नाही, पण पालथं पडल्यावर कोपरं आणि गुडघे रुंद टाकून मॅटला चिकटून राहायचं, हे तिला मातीत कोणी शिकवलंच नव्हतं.

तर जाणकारांनो, तीन गोष्टी सांगा.

कॉलेजचा जिमखाना म्हणतो, "आमच्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, एका मुलीसाठी कुस्तीची एंट्री कशाला?" कॉलेजातून एकट्यानेच कुस्ती खेळलेलं कोणी इथे आहे का? प्राचार्यांना अर्ज कसा लिहिलात, सोबत काय जोडलंत? तिच्याकडे तालुका आणि जिल्हा स्पर्धेची प्रमाणपत्रं आहेत.

ठाणे ते पनवेल पट्ट्यात संध्याकाळी मॅटवर मुलींचा सराव कुठे चालतो? ट्रान्सहार्बरने ती एकटी ये-जा करते, त्याची काळजी नाही. पण जोडीला तिच्या वजनाच्या दोन-तीन मुली हव्यात. मुलांबरोबर ताकद वाढते, पण गुणांची कुस्ती अंगात मुरत नाही, असं मला वाटतं.

आणि ५५ की ५७? विद्यापीठाच्या निवड चाचणीत उतरलेल्या ताई-दादांनी स्वतःचा अनुभव लिहिला तर फार बरं होईल. चुलते गणपतीला इकडे येतायत, त्यांना धागा वाचून दाखवणार आहे. तोवर तिचं जेवण मी कमी करू देणार नाही.