मदत हवी आहे: बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) नंतर हृदय-फुप्फुसाच्या कामात पुढचं शिक्षण. कराड, मुंबई की परदेशी ऑनलाइन?

विश्रामबाग_फिजिओ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट. राहायला सांगलीत, नोकरी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात (नाव नको). बीपीटीएच होऊन काही वर्षं झाली. मुलगा बालवाडीत आहे. सासूबाई घरी असतात, त्यांचा पाठिंबाही आहे, पण तो किती ताणायचा हे मलाच ठरवायला हवं.

फिजिओ म्हटलं की लोकांना गुडघे, कंबर आणि शेक एवढंच आठवतं. माझं काम मात्र बहुतेक आयसीयूत आणि छातीच्या वॉर्डात. बायपासवाल्याला कॉटवरून उठवून खुर्चीत बसवायचं, उशी छातीशी घट्ट धरून खोकायला लावायचं, तीन बॉलचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र ओढायला शिकवायचं. व्हेंटिलेटरवरून निघालेल्याचे पाय कॉटखाली सोडून बसवायचं. शिवाय सीओपीडीवाले (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारे), आणि टीबी बरा होऊनही फुप्फुस खराब राहिलेले. आपल्या भागात यांना तोटा नाही. चुलीपुढे जन्म गेलेल्या बायका, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल, विट्याकडचे यंत्रमाग कामगार.

परवा जतकडची एक आजी आली होती. "बाई, मी बिडी न्हाई, तपकीर न्हाई, मला ह्यो रोग कसा?" स्पायरोमेट्रीत (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायच्या चाचणीत) पहिल्या सेकंदात सोडलेली हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचं तिचं गुणोत्तर ०.७० च्या बरंच खाली होतं. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवलं तर म्हणाली, "फुकणीनं चूल फुकत्यात तसंच की!" आणि माझ्यापेक्षा छान करून दाखवलं. ज्या फुंकण्यानं छाती गेली तेच आता औषध म्हणून.

अडचण अशी की मी जे करते ते इंटर्नशिपमध्ये आणि सीनियर्सकडे बघून शिकलेलं. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलेला शेतकरी घरी जाताना विचारतो, "पाण्याची पाळी आली तर रात्री मळ्यात जाऊ का? पाइप उचलू का?" तेव्हा "जपून करा, चालत राहा" यापलीकडे मला नेमकं सांगता येत नाही. ते नेमकं सांगायला शिकायचंय.

समोर तीन वाटा दिसतात. एक, कराडला कृष्णा विश्व विद्यापीठात एमपीटी (म्हणजेच एमपीटीएच, फिजिओथेरपीची मास्टर्स), हृदय-श्वसन शाखा. घराजवळ आहे, पण फी. दोन, राज्याची सीईटी देऊन मुंबईचं सरकारी किंवा पालिकेचं कॉलेज. फी कमी, पण दोन वर्षं घर सोडायचं. तीन, नोकरी सांभाळून परदेशी विद्यापीठाचं ऑनलाइन पदव्युत्तर प्रमाणपत्र. लंडनच्या इंपीरियल कॉलेजची नॅशनल हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूट वगैरे नावं वाचली की हात शिवशिवतात.

मला परदेशी जायचं नाही. इथंच, सांगली-मिरजेत काम करायचंय. कुणी यातून गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

छातीचा_डॉक्टर_तासगाव

ताई, मी चेस्ट फिजिशियन. आधी आजीबद्दल. सीओपीडी म्हणजे सिगारेटचा आजार, हे पुस्तकातून आमच्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलं. चुलीचा धूर, धूळ, जुना टीबी, सगळं त्यात आहे. हे बार्न्स तुम्ही म्हणता त्याच इन्स्टिट्यूटचे. म्हणजे लंडनला जे शिकवतात त्यातलं थोडं जतच्या आजीकडूनच गेलेलं आहे!

आता कामाचं. इन्हेलर लिहून देणारे आम्ही पुष्कळ आहोत. पेशंटला आठ-दहा आठवडे धरून व्यायाम करून घेणारं तालुक्याला कुणी नाही. तुम्ही शिका, कुठेही शिका. पण त्यासाठी डिग्रीची वाट बघू नका. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी उद्यापासून सुरू करा. तीस मीटरचा सपाट कॉरिडॉर, बोटाला ऑक्सिमीटर, दोन टोकांना दोन खुर्च्या, घड्याळ आणि धाप मोजायची बोर्ग पट्टी. एवढ्यात होतं. पहिल्यांदा किती मीटर, दोन महिन्यांनी किती. साधारण तीस मीटरचा फरक पेशंटला स्वतःला जाणवतो. असे आकडे लिहून पाठवणाऱ्या फिजिओकडे मी डोळे झाकून पेशंट पाठवीन.

विश्रामबाग_फिजिओ

धन्यवाद डॉक्टर! तीस मीटर सलग कॉरिडॉर आमच्याकडे कागदावर आहे. प्रत्यक्षात तिथं दोन स्ट्रेचर, एक बंद पडलेलं एक्स-रे मशीन आणि नातेवाइकांच्या चटया असतात.

छातीचा_डॉक्टर_तासगाव

मग एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठबस होते ते मोजा. खुर्ची तरी असेल.

कराडची_मास्तरीण

मी एका फिजिओ कॉलेजात शिकवते (कराडातलं कुठलं, कृष्णा की दुसरं, विचारू नका, नाहीतर जाहिरात वाटेल). जरा स्पष्ट लिहिते.

पहिली गोष्ट मान्यतेची. महाराष्ट्रात एमपीटीएच दोन वर्षांचं, पूर्णवेळ. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत सीईटीतून प्रवेश, अभिमत विद्यापीठांची (कृष्णा त्यातलंच) प्रवेशप्रक्रिया त्यांची स्वतंत्र. "घरबसल्या डिस्टन्स एमपीटी" म्हणून फोन येतात, त्यांना थारा देऊ नका. फिजिओथेरपी दूरशिक्षणानं शिकवायला यूजीसीचीच बंदी आहे. असं सर्टिफिकेट फ्रेम करून लावता येईल, त्यावर नोकरी मागता येणार नाही.

दुसरी, कुठलंही कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघू नका. तिथल्या पीजीच्या पोरांना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा: इथं आठवड्याला हृदयाच्या शस्त्रक्रिया किती होतात? राउंडला तुम्हाला कन्सल्टंटबरोबर उभं राहू देतात का, की बीपीटीएचच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेण्यातच दिवस जातो? ईसीजी लावून ट्रेडमिलवर पेशंट तुम्ही चालवता की तंत्रज्ञ? श्वासातला ऑक्सिजन मोजत व्यायाम करून घ्यायचं यंत्र चालू आहे की प्लास्टिकखाली झाकलेलं? शेवटच्या प्रश्नाला पोरं हसली तर समजून घ्या.

तिसरी, प्रबंध. याचा धसका सगळे घेतात, पण तुमच्यासारख्या काम केलेल्यांना तोच सोपा जातो, कारण तुमच्याकडे खरा प्रश्न असतो. थेट बीपीटीएचवरून आलेली मुलं विषय शोधत महिने घालवतात आणि शेवटी कॉलेजच्याच पोरांच्या श्वासाचे स्नायू मोजतात. विषयाचा आराखडा, एथिक्स कमिटीची मंजुरी, मग पेशंट गोळा करणं, या साखळीत एक कडी अडली की सगळं अडतं. म्हणून विषय येतानाच घेऊन या.

सांगलीहून कराडला रोज जाऊन-येऊन होतं का? अंतराच्या हिशेबानं होतं, रेल्वे आहे, एसटी आहे. पण संध्याकाळच्या आयसीयू पोस्टिंगला रेल्वेचं वेळापत्रक चालत नाही. आठवड्यातले काही दिवस तरी हॉस्टेल धरून चला.

पेठेतला_शहाणा

हार्ट आणि लंगला एमडी, डीएम झालेले डॉक्टर आहेत की. फिजिओला त्यात काय करायचंय? उगाच दुकानं वाढवायची.

कराडची_मास्तरीण

डीएम डॉक्टर ब्लॉकेज काढतो. पेशंट घरी जाऊन घाबरून सहा महिने दिवाणावर पडून राहतो, त्याला उठवतो कोण? महात्मा फुले योजनेतून ॲन्जिओप्लास्टी होते, बायपास होतं, चांगलंच आहे. पुढे जिना कधी चढायचा, गाडीला किक कधी मारायची, हे सांगणारं माणूस डिस्चार्ज कार्डावर नसतं. तेवढ्याच जागेबद्दल बोलतोय आम्ही.

व्हाया_विटा_लीड्स

मी विट्याचा, सध्या इंग्लंडात श्वसनविकाराच्या फिजिओ टीममध्ये. ऑनलाइन आणि परदेशी कोर्सबद्दल माझ्याकडून.

इकडे पदव्युत्तर शिक्षण क्रेडिटवर चालतं. ६० क्रेडिटचं प्रमाणपत्र, १२० चा डिप्लोमा, १८० झाले की मास्टर्स. नोकरी करणारे फिजिओ, नर्स, फार्मासिस्ट एकाच वर्गात बसतात आणि एकेक मॉड्यूल करत तीन-चार वर्षांत पूर्ण करतात. पद्धत मला फार आवडली. नर्सच्या डोळ्यांनी हार्ट फेल्युअर बघितलं की आपण फक्त स्नायू बघत होतो हे कळतं. पण त्यात वाचन आणि लिखाणच जास्त. संशोधनाचा कागद हातात देऊन "यातली खोट काढ" म्हणतात. पेशंटवर हात ठेवायला कुणी शिकवत नाही, तुम्ही तो रोज ठेवता असं गृहीत असतं. तुम्ही खरंच ठेवता, म्हणून तुम्हाला उपयोग होईल. मात्र त्यानं नावापुढे एमपीटीएच लागणार नाही, आणि भारतात लेक्चररची जागा निघाली तर तिथं एमपीटीएचच मागतील.

आणखी एक, दुसऱ्या कुणी वाचत असेल त्याच्यासाठी. इकडची अशी (आधीच फिजिओ झालेल्यांसाठीची) मास्टर्स केली म्हणून इकडे फिजिओ म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी एचसीपीसी या इकडच्या नोंदणी करणाऱ्या संस्थेची नोंदणी वेगळी, ती तुमच्या मूळ बीपीटीएचचे तास आणि विषय तपासून देतात. एजंट लोक या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र कालवतात आणि आईबाप जमीन गहाण टाकतात. आधी नोंदणीचं बघा, मग फीचं.

सिस्टर_मिरज

मध्येच विचारते, राग मानू नका. मी जीएनएम (डिप्लोमावाली नर्स), सीसीयूत म्हणजे हृदयाच्या आयसीयूत आहे. आम्हाला असं काही आहे का? की हे सगळं फिजिओ आणि डॉक्टरांनाच?

कराडची_मास्तरीण

सिस्टर, राग कसला. तुमच्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कार्डिओथोरॅसिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, एक वर्षाचा, जीएनएमवर करता येतो. एम.एस्सी. करायची तर आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. लागेल. पुढे बी.एस्सी. झालात आणि क्रिटिकल केअरचा अनुभव असला तर २०१७ पासून नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर असा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्सही आहे. तो वर्गात कमी आणि बेडपाशी जास्त असतो. तुमच्यासारख्यांनाच जमेल.

सिस्टर_मिरज

आमच्या मेट्रन मॅडमना हे माहीत नसेल का, की मुद्दाम सांगत नाहीत 🙂 धन्यवाद मॅडम.

प्राणायाम_औंध

यंत्रं, ट्रेडमिल, फी... आपल्याकडे योग आहे ना? त्यावर कुणी का बोलत नाही?

छातीचा_डॉक्टर_तासगाव

बोलतो की. भारतातच मोठी चाचणी झाली आहे, योगा-केअर नावाची. २४ हॉस्पिटलं, हार्ट ॲटॅक येऊन गेलेले ३,९५९ पेशंट, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यू किंवा पुन्हा ॲटॅक यांत ठळक फरक सिद्ध झाला नाही. पण योगवाल्या गटाचं जगणं सुधारलं आणि ते आपल्या पहिल्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. म्हणजे चमत्कार नाही आणि थोतांडही नाही. ट्रेडमिल नसलेल्या गावात हे वापरण्यासारखं आहे, शिकवणाऱ्याला नाडी, बीपी आणि कधी थांबवायचं हे कळत असेल तर.

विश्रामबाग_फिजिओ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा घरी वाचून दाखवला. नवऱ्याचं म्हणणं, सीईटी दे, मुंबईला लागलं तर महालक्ष्मीनं रात्री बसायचं आणि सकाळी घरी, शनिवार-रविवार तो सांभाळेल. सासूबाई म्हणाल्या, "कराड बघ. पोराला ताप आला तर मुंबईत तुझा जीव लागणार न्हाई." दोघांचंही खरं आहे. तूर्त सीईटीचा फॉर्म भरणार, कराडची प्रवेश परीक्षाही देणार, आणि कराडला कँटीनमध्ये जाऊन मास्तरीणबाईंचे प्रश्न विचारणार. ऑनलाइन प्रमाणपत्र एमपीटीएच झाल्यावर, झेपलं तर. आधी हातातलं काम पक्कं होऊ दे.

उठबस मोजायला सुरुवात केली. आजी परवा तपासणीला येणार आहे, तिच्यापासूनच.

आता मास्तरीणबाईंनी विषय घेऊन या म्हटलंय त्यावरून एक डोक्यात आलंय. यार्डातल्या हळद हमालांची धाप आणि चालण्याची क्षमता. स्पायरोमेट्री, सहा मिनिटांची चाचणी, किती वर्षं काम, घरी चूल की गॅस. हे प्रबंधाला पुरेल का? आणि ही माणसं पकडायची कुठं? ओपीडीत तर कुणी येत नाही, एक दिवस खाडा केला की मजुरी बुडते.

कराडची_मास्तरीण

पुरेल, पण तुलनेला दुसरा गट हवा. त्याच यार्डातले, धुळीत न राबणारे. तोलणारे आणि कारकून चालणार नाहीत, त्यांना ओझं उचलायची सवय नसते, चालण्याच्या चाचणीत फरक तिथूनच येईल. गूळ किंवा बेदाण्याच्या बाजूचे हमाल मिळाले तर बघा. बिडी-तंबाखूचा रकाना विसरू नका.

मार्केटयार्ड_सांगली

वाचत होतो, खातं आत्ता काढलं. वडील हमालीच करायचे, मी अडत दुकानात दिवाणजी आहे. ताई, सौद्याच्या वेळी येऊ नका, कुणी तुमच्याकडं बघणार बी नाही. सौदे उरकून पोती लागली की मंडळी सावलीला बसतात, तेव्हा या. आधी हमालांच्या संघटनेच्या म्होरक्याला भेटा, परस्पर माणसं गोळा केली तर बिनसतं. हळदीचा जोर उन्हाळ्यात असतो, धूळ बघायची तर तेव्हाच. आणि चालायला तीस मीटर जागा म्हणत होता ना, आमच्या गोडाऊनपुढचा ओटा त्याहून लांब आहे, दुपारी मोकळाच असतो.

विश्रामबाग_फिजिओ

दादा, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. टेप घेऊन मोजायला येते.