मदत हवी: बीप वाजतो, पण तिसऱ्या सॉकेटवर अर्थचं रीडिंग १.८७ ओहम

चिरेबंदी
गोव्यात वाळपईजवळचं जुनं चिऱ्याचं घर आहे, चवथीपूर्वी रिवायरिंग संपवायचं आहे. स्वयंपाकघराच्या सर्किटला फेज-न्यूट्रल अडीच चौरस मिमीची आणि अर्थ दीडची. सगळी बारीक तारांची तांब्याची वायर, पीव्हीसी पाइपातून. चार सॉकेट एकामागून एक लूप केलेत. मेन बंद करून डीबीत (वितरण पेटीत) फेज आणि अर्थ एकत्र जोडले आणि प्रत्येक सॉकेटवर फेज-अर्थ मोजलं. कंटिन्युइटी मीटर (जोडणी सलग आहे का ते ओहममध्ये दाखवणारा) २०० मिलिअँपिअरचा, लीड (मीटरची तार) शून्य करून घेतलेली.

पहिला, ११ मीटर: ०.२५ ओहम
दुसरा, १४ मीटर: ०.३१
तिसरा, १७ मीटर: १.८७, प्लेट हलवली की १.६ ते २.४
चौथा, २१ मीटर: १.९६

वायरमनचं म्हणणं, मल्टिमीटर चारही ठिकाणी बीप देतो, म्हणजे अर्थ आहे. आरसीसीबीचं (करंट अर्थकडे गळला की पडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटणही चालतं. गिलावा झालाय, रंग बाकी आहे. भिंत न फोडता दोष कसा शोधायचा? आणि किती ओहमपर्यंत चालवून घ्यायचं?

तीनफेज
"किती ओहमपर्यंत" याला एकच आकडा नाही. वायरची जाडी आणि लांबी यांवरून तो काढावा लागतो. बारीक तारांच्या अडीचच्या वायरला २० अंशांना मीटरमागे ७.९८ मिलिओहम, दीडच्या वायरला १३.३. दोन्ही मिळून २१.२८. आपल्याकडे पाइपात तापमान ३० धरा, म्हणजे ४ टक्के वाढ. ११ मीटरला ०.२४, १४ ला ०.३१, १७ ला ०.३८, २१ ला ०.४६. तुमचे पहिले दोन सॉकेट हिशेबात चपखल बसतात. तिसऱ्यावर दीड ओहम वरचा आहे.

आता चौथा बघा. तिसऱ्यापेक्षा फक्त ०.०९ ने जास्त, आणि ४ मीटर वायरला लागतंही तेवढंच. म्हणजे तिसऱ्याच्या पुढे काही बिघाड नाही. दोष दुसऱ्याच्या मागच्या जोडापासून तिसऱ्याच्या मागच्या जोडापर्यंतच आहे. प्लेट हलवल्यावर आकडा नाचतो, तर आधी तिसरी प्लेट उघडा.

पण या मोजणीत फेजही येते, त्यामुळे दीड ओहम अर्थमध्येच आहे असं धरून चालू नका. लांब लीड घ्या, मीटरवर ती शून्य करा (२५ मीटर दीडची वायर एकटीच ०.३३ ओहम देते), एक टोक डीबीच्या अर्थ बारला आणि दुसरं तिसऱ्या सॉकेटच्या अर्थ पिनला. ०.२४ च्या आसपास आलं तर अर्थ ठीक, जोड फेजचा सैल आहे. ते जास्त वाईट: दीड ओहमच्या जोडातून १० अँपिअर गेले की तिथे १५० वॅट उष्णता, तीही बंद डब्यात. १.७ च्या पुढे आलं तर दोष अर्थमध्ये.

अडीचची_वायर
बाब, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना? स्पर्शाची सुरक्षित मर्यादा ५० व्होल्ट, भागिले ०.०३, म्हणजे १६६७ ओहमपर्यंत तो पडणारच. दोन ओहमसाठी एवढी धावपळ कशाला?

तीनफेज
आरसीसीबी पडेल, कबूल. पण हे दीड ओहम वायरचे नाहीत, सैल जोडाचे आहेत. सत्तरी तालुक्यातला एक पावसाळा गेला की तांब्यावर हिरवट थर चढेल आणि जोड सुटेल. मग मिक्सरच्या बॉडीवर आलेली फेज तशीच बसून राहील आणि कुणी हात लावल्यावर त्या माणसातून करंट गेला की मगच आरसीसीबी पडेल. टेस्ट बटणाचं तर अर्थशी देणंघेणंच नाही. ते आरसीसीबीच्या आतल्याच रेझिस्टरमधून थोडा करंट सोडतं, अर्थची वायर मुळीच ओढलेली नसली तरी ट्रिप होतो. मल्टिमीटरचा बीप साधारण ३०-५० ओहमपर्यंत वाजतो. एकच तार धरून राहिलेला जोडही त्यात पास!

खांडेपार
दोन गोष्टी राहिल्या. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडून भागत नाही, त्याचं आउटपुटही सोडवा. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्हीकडे व्होल्टमीटर लावून खात्री करा, मग कंटिन्युइटी मीटर लावा.

दुसरं, उलट फसवणूक. रीडिंग चांगलं येतं आणि अर्थ प्रत्यक्षात नसतो. काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थला वायरचा तुकडा जोडतात. न्यूट्रल बारवर असेल तर मीटर छान आकडा दाखवतो. म्हणून त्या सर्किटचा न्यूट्रल बारवरून काढूनच मोजा. गिझरचंही तसंच, पाण्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातून करंटला परतीची वाट मिळते. गिझरची अर्थ सोडवून वायरच्या टोकावर मोजा.

चिरेबंदी
लांब लीडने तिसऱ्यावर १.७५. म्हणजे अर्थच. प्लेट उघडली, तर येणारी अर्थ वायर पुरेशी न सोलता स्क्रूखाली घातलेली. स्क्रू प्लॅस्टिकवर आवळलाय आणि दोन-तीन तारा कडेने टेकल्यात. जाणारी वायर त्याच स्क्रूखाली, ती मात्र घट्ट.

तीनफेज
तेवढं टोक कापा, १० मिमी सोला, दोन्ही अर्थ एकत्र पिळून फेरूल (तारांच्या टोकावरची धातूची टोपी) चढवा आणि स्क्रू आवळून एकेक वायर ओढून बघा. जीआय डबा असेल तर त्याच्या अर्थ स्क्रूला वेगळा तुकडा द्या. प्लेटच्या स्क्रूवर भरवसा नको, रंगानंतर तो संपर्क जातो. आणि अर्थ दीडची का? आयएस ३०४३ च्या (अर्थिंगच्या भारतीय मानकाच्या) तक्त्यात १६ चौरस मिमीपर्यंत अर्थ फेजएवढीच आहे, कमी जाडी वापरायची तर हिशेब दाखवावा लागतो. पाइपात जागा असेल तर अडीचची ओढून टाका.

चिरेबंदी
जोड केला. तिसरा ०.३८, चौथा ०.४७, प्लेट हलवून आकडा जागचा हलत नाही. अडीचची अर्थ उद्या ओढतो. गिझर १४ मीटरवर, फेज चारची, अर्थ अडीचची. किती यायला हवं?

खांडेपार
४.९५ अधिक ७.९८, गुणिले १४: ०.१८. उन्हाळ्याचे चार टक्के धरून ०.१९. पाव ओहमच्या वर गेलं तर जोड उघडा. आणि मेन चढवण्याआधी डीबीतली फेज-अर्थ लिंक काढा आणि सोडवलेला न्यूट्रल त्याच्या बारवर परत लावा.